बैलाचं मुसकं आणि आडवी बाटली

मी आयुष्यभर ज्या प्रथिनाविषयी फळ्यावर बाण काढत आले, ते एके दिवशी माझ्या वहिनीच्या पोटात वेळेआधी जागं झालं, आणि गावाने तिला बेवडी ठरवलं. या वाक्याचा पहिला भाग निसर्गाचा आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती दुसऱ्या भागाबद्दल, आणि ती अजून विझलेली नाही.

आमचं गाव सडक अर्जुनीपासून आत. वारा त्या बाजूचा असला की महामार्गावरच्या ट्रकांचे हॉर्न ऐकू येतात, एवढ्या अंतरावर. भाऊ धानाची शेती करतो. मी गोंदियाला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि तिथेच राहिले. वहिनी माझ्यापेक्षा थोडी मोठी, उंच, खर्जातल्या आवाजाची. रोवणीच्या दिवसांत तिने बांधावरून हाक मारली की पलीकडच्या शेतातल्या बायाही वाकलेल्या कमरा सरळ करून बघतात, आपल्याला तर बोलावलं नाही ना म्हणून.

गावात एसटी थांबते त्या वळणावरच देशी दारूचं परवान्याचं दुकान होतं. हायस्कूलच्या पोरी संध्याकाळी तिथे उतरायच्या. उतरायच्या म्हणजे, उतरायला हवं होतं. त्या आधीच्या थांब्यावर उतरून तलावाच्या पाळीवरून, चिखल तुडवत, लांबचा वळसा घालून घरी यायच्या. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि कोणालाही त्यात वावगं दिसत नव्हतं. वहिनीला दिसलं. तिचं म्हणणं साधं होतं, "रस्ता पोरीयचा हाय. मंग वळसा पोरी काऊन घालतात? पेनाऱ्यायनं घालावा."

आपल्याकडे कायद्यात एक सोय आहे. गावातल्या बायांनी मागणी केली तर दुकानाबाबत फक्त बायांचं मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. आडव्या बाटलीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. पण मेख अशी की गावातल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त बायांनी आडवीवर शिक्का मारावा लागतो. आल्या त्यांच्यापैकी निम्म्या नाही, एकूण. म्हणजे जी बाई कंटाळून, घाबरून किंवा उगाच घरी बसली, ती न जाता उभ्या बाटलीला मत देऊन मोकळी होते. हा नियम ज्याने लिहिला त्याला बायांच्या घरी बसण्यावर भलताच विश्वास असावा.

वहिनीने त्या पावसाळ्यात रोवणीच्या बांध्यांमधून फिरून सह्या आणि अंगठे गोळा केले. वरून साहेब लोक येऊन पडताळणी करून गेले. मतदान दिवाळीनंतर, मंडईची जत्रा आटोपली की व्हायचं ठरलं. बाया वहिनीच्या शब्दावर येणार होत्या. दुसऱ्या कशावर येण्याचं काही कारणच नव्हतं. त्यामुळे तिचा शब्द पडला तर मतदान पडणार, हे दुकानवाल्यालाही कळत होतं आणि आम्हालाही.

आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या पोटात दुखायला लागलं.

हा दिवस आमच्याकडे नारबोदीचा. सकाळी गावातली रोगराई एका पुतळ्यावर लादून "घेऊन जा गे नारबोद" असं ओरडत पुतळा शिवेबाहेर नेतात. रोगराई गेली की पुरुषमंडळी निश्चिंत मनाने प्यायला बसतात. गावात वर्षातली सगळ्यात जास्त दारू बहुधा त्या दिवशी खपते. अशा दिवशी, भर दुपारी, गावातल्या दारूबंदीवाल्या बाईला ओकाऱ्या सुरू झाल्या आणि ती ओसरीवर पोट धरून दुमडली. आदल्या दिवशीचे तळलेले वडे तिने दोन्ही वेळा खाल्ले होते. पण वड्यांवर संशय घ्यायला गावात कोणी रिकामं नव्हतं.

नात्यातला एक पुतण्या जीप चालवतो. त्याने तिला गोंदियाला आणलं. मी दवाखान्याच्या दारातच उभी होते. रक्त तपासलं, स्वादुपिंडाला सूज निघाली, आणि रिपोर्ट घेऊन एक तरुण डॉक्टर आला. त्याने वहिनीकडे न बघता भावाला विचारलं, "पीती है क्या?"

भाऊ गोंधळला. "पानी? नाई जी, पानी बी टिकून नाई राह्यलं पोटात."

"अरे, दारू. देशी, मोहा, कुछ भी."

"नाई साहेब, हे तं बंद करून राह्यली."

"कब बंद की?"

"आता करनार हाय नं. दिवाळीनंतर."

डॉक्टरने मान डोलावली, सगळं कळल्यासारखी. मी पुढे होऊन सांगितलं की हिने आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही, ती दुकान बंद करून राहिली आहे, स्वतःचं पिणं नाही. तो हसला आणि म्हणाला, "मॅडम, सब यही बोलते हैं."

प्रश्न विचारणं त्याचं काम आहे हे मला मान्य आहे. स्वादुपिंडाला सूज येण्याची जी मोठी कारणं आहेत त्यांत दारू आहे, हे मी स्वतः मुलांना शिकवलं आहे. पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ऐकणं हेही त्याच कामात येतं, असं मला वाटत होतं. उत्तर जर आधीच ठरलेलं असेल तर प्रश्न विचारून वेळ कशाला घालवायचा? दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे होते, आणि त्यांतला एक घसरून खाली, पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी जिथे एकत्र येऊन आतड्यात उघडते तिथे, तोंडाशी अडकला होता. तो डॉक्टर पडद्याकडे बघून म्हणाला, "अच्छा, स्टोन है." त्या 'अच्छा'मध्ये माफी कुठे होती ते मी अजून शोधते आहे.

पण दरम्यान एक रात्र गेली होती, आणि जीप गावात परतली होती. पुतण्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तो पानठेल्यावर फक्त एवढंच म्हणाला की डॉक्टरनं दारूचं विचारलं. एसटीच्या वळणावर पोचेपर्यंत डॉक्टरनं दारूचं सांगितलं असं झालं. आणि तिथून दुकानाच्या बाकावर पोचलं तेव्हा डॉक्टरनं दारूनं भरलेलं पोट बाहेर काढून दाखवलं होतं.

वहिनीला नळ्या लावलेल्या. तोंडाने पाणीसुद्धा द्यायचं नाही. मी आणि भाऊ बाहेरच्या बाकावर बसून असायचो. भाऊ एका दुपारी म्हणाला, "तू तं हेच शिकवत होती नं? मंग सांग, खडा पित्तातला, अन् सुजलं दुसरंच. हे कसं?"

मला राग काढायला जागा हवी होती, आणि शिकवणं ही माझी जुनी जागा. मी सांगायला लागले.

स्वादुपिंडातल्या पेशी रोज अन्नातली प्रथिनं तोडणारी विकरं बनवतात. विकर म्हणजे एक प्रकारची कातर. आता अडचण बघ. ती पेशीसुद्धा प्रथिनांचीच बनलेली आहे. उघडी कातर तिथेच तयार केली तर ती आधी घरच कापेल. म्हणून पेशी कातर मिटलेली ठेवते. ट्रिप्सिन नावाचं विकर ती थेट बनवतच नाही. ट्रिप्सिनोजन बनवते. पुढे एक छोटासा जास्तीचा तुकडा असलेलं, त्यामुळे नीट न वळलेलं, निकामी. ते पुडीत बांधून नळीने आतड्यात जातं. आतड्याच्या भिंतीवर दुसरं एक विकर बसलेलं असतं, ते तेवढा पुढचा तुकडा कापतं. लगेच उरलेली साखळी नीट वळते आणि कातर उघडते. मग ते जागं झालेलं ट्रिप्सिन बाकीच्यांना जागं करतं.

भावाने स्वतःच्या तोंडावर पंजा धरला. मग म्हणाला, "मुसकं."

"काय?"

"उभ्या पिकात डवरनीच्या वेळी बैलाले मुसकं घालतो नं आमी. नाई तं थो पीकच खाऊन टाकंल. गोठ्यात आनला का काढतो. मंग खाय बापा, किती खातं ते."

मी आयुष्यभर फळ्यावर बाण काढले, आणि एकाही वर्गाला मुसकं म्हणाले नाही. याचा मला थोडा रागच आला, पण त्या दिवशी रागांची रांग मोठी होती, याला मागे उभं केलं.

"हां, मुसकं," मी म्हटलं. "आणि एवढंच नाही. चुकून एखाद्याचं सुटलंच तर त्याला धरायला पेशीने एक राखणदारही सोबत दिलेला असतो."

"मंग हिचं काऊन सुटलं?"

इथे गोष्ट अवघड होते. खड्याने तोंड बंद झालं, माल बाहेर जाईना. पुड्या पेशीतच साठल्या. पेशीत आणखी एक प्रकारच्या पिशव्या असतात, लायसोझोम म्हणतात त्यांना, पेशीचा केरकचरा जिरवण्याच्या. त्यांच्यातही एक कातर असते, कॅथेप्सिन. ही मात्र उघडीच, कारण तिचं काम तिथेच, त्या पिशवीच्या आत. तिच्या पिशवीची भिंत हेच तिचं कुंपण. एरवी या दोन पिशव्या एकमेकींच्या वाटेला जात नाहीत. पण माल तुंबला की कारभार बिघडतो आणि दोन्ही एकमेकींत मिसळतात. मग कॅथेप्सिन ट्रिप्सिनोजनचं मुसकं तिथेच, घरातच काढतं. पुढचं काय, राखणदार एक आणि सुटलेले बैल शंभर.

"म्हणजे पऱ्ह्यातच बैल सुटले," भाऊ म्हणाला. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं असतात ती जागा. तिथे बैल सुटणं याहून मोठी आपत्ती त्याला सुचली नसती.

"तसंच."

"पन त्या दुसऱ्याचं, थ्या कॅथ... त्याचं मुसकं कोन काढलं?"

या प्रश्नाने मी खूश झाले, त्या परिस्थितीतही. कॅथेप्सिनसुद्धा जन्मतः मुसक्यातच असतं. त्याच्या साखळीचा पुढचा भाग त्याच्याच तोंडावर आडवा बसलेला असतो. ते लायसोझोमच्या पिशवीत पोचलं की तिथल्या आंबटपणाने तो भाग सैल पडतो, आणि मग आधीच सुटलेले आणि नुकते सैल झालेले मिळून एकमेकांचे ते भाग कापून टाकतात.

"बैल बैलाचं मुसकं काढते?"

"पेशीत काढतो."

"अजब हाय," भाऊ म्हणाला, आणि काचेतून आत, वहिनीकडे, बघत बसला.

हे सगळं नेमकं कोणत्या क्रमाने होतं याबद्दल शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत, हेही मी त्याला सांगितलं. माझा या लोकांबद्दलचा आदर त्यामुळेच टिकून आहे. प्रयोगशाळेत जन्म घालवलेली माणसं म्हणतात, आम्हाला पूर्ण माहीत नाही. आणि वळणावरच्या बाकावर बसलेल्या माणसाला पूर्ण माहीत असतं.

वहिनी वाचली. खडा आपसूक आतड्यात घसरला, सूज उतरली, घरी सोडलं. पित्ताची पिशवी काढून टाका, नाहीतर पुन्हा होईल, असं डॉक्टरांनी बजावलं. वहिनी म्हणाली, "धान कापून होऊ द्या." तिच्यापुढे वाद घालून उपयोग नसतो. तरी मी घातला. उपयोग झाला नाही.

मी तिच्यासोबत गावी जाऊन राहिले. पहिल्या दोन दिवसांत मला कळलं की आपण हरलो आहोत. बाया भेटायला येत, बसत, चहा घेत, आणि त्यांची नजर घरभर फिरे. एकीने तर माळ्यावरच्या पोत्याकडे हनुवटी करून विचारलं, "वयनी, मोहफुलं गंज ठेवली वं. कायले?"

"गायीले," वहिनी म्हणाली. "उकडून देतो दरसाल. तुह्या घरून तं उधार नेतो मी कधी कधी."

"हो नं, गायीलेच," ती बाई म्हणाली, आणि गायीच्या नावाने इतकं हसली की गायीला लाज वाटावी.

मोहफुलांची दारू गाळतात खरी, पण या गावात मोहफुलं नाहीत असं घर नाही. जनावरांना, लाडवांना, भाकरीत, सगळीकडे मोहफूल. पण संशयाचं एक बरं असतं. त्याला नवीन पुरावा लागत नाही. घरात काल होतं तेच आज पुरावा होतं.

मग सरपंचपती आले. गावाच्या सरपंच एक बाई आहेत. सरपंचकी त्यांचे यजमान करतात. पांढरा कडक शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यांतलं एकही मी चालताना पाहिलेलं नाही. सोबत सफरचंदं आणली होती आणि फोटो काढायला एक माणूस. सफरचंद वहिनीच्या हातात देतानाचा फोटो निघाला, मग ते बसले.

"तब्येत महत्त्वाची," ते म्हणाले. "मतदान काय, पुढच्या वर्षी बी होईल. तुमी आराम करा."

"मी आराम केला तं दुकानाले आराम होईल," वहिनी म्हणाली.

"तसं नाई वयनी. पन लोकं बोलतात. आमी तं काही मनत नाई बापा. लोकं मनतात."

"काय म्हणतात?" मी विचारलं.

ते माझ्याकडे वळले आणि पुस्तकी मराठीत शिरले. माझ्याशी बोलताना ते नेहमी शिरतात. "मॅडम, आपण सुशिक्षित आहात. आजार लपवता येतो, पण आजाराचं कारण लपत नाही."

"कारण खडा आहे. पित्तातला. सोनोग्राफीत दिसला."

"असेल, असेल," ते म्हणाले. जणू मी म्हणाले होते की आज पाऊस येईल.

त्यांचा फोटो गावभर फोनवर फिरला. त्याखाली लिहिलं होतं, वहिनींना लवकर बरं वाटो. ते वाचून मला जेवढा संताप आला तेवढा पानठेल्यावरच्या अफवेचाही आला नव्हता. अफवा निदान सदिच्छेचा सदरा घालून येत नाही.

मी ठरवलं की आता बायांना सरळ समजावून सांगायचं. सगळं. मुसक्यासकट. मतदानाच्या आठवड्यात समाजमंदिरात बायांची सभा होतीच. मी मोठ्या कागदावर चित्र काढलं. पेशी, पुड्या, नळी, अडकलेला खडा, आणि मुसकं घातलेले बैल. बैल बरे आले होते.

सभेला सरपंचपती आलेच. बायांची सभा असली तरी माईक त्यांच्या हातात होता, आणि समाजमंदिर एवढंसं की कुजबुज केली तरी शेवटच्या ओळीला ऐकू जावी. त्यांनी विज्ञानयुगापासून सुरुवात केली, भारतीय संस्कृतीत नारीचं स्थान या मार्गाने माझ्यापर्यंत आले, शाल दिली, नारळ दिला, आणि फोटो निघेपर्यंत माझा हात सोडला नाही. ते बसले तेव्हा अर्ध्या बाया जांभया देत होत्या.

मी शिकवलं. आयुष्यात इतकं चांगलं मी क्वचितच शिकवलं असेल. मुसक्याला बाया हसल्या, पऱ्ह्यात बैल सुटले तेव्हा "आई गं" असा आवाजही आला. मी शेवटी म्हणाले, "म्हणून हा आजार खड्यानेही होतो. दारूच लागते असं नाही."

पुढच्या ओळीतल्या एका म्हातारीने हात वर केला. तिच्या तोंडात दात थोडे उरले आहेत पण मतं सगळी शाबूत आहेत. "बैलाचं समजलं वं बाई. चांगलं सांगतलं. पन वयनी पेत होती का नाई, थे सांग ना."

"नाही," मी म्हणाले. "एक थेंबही नाही."

मागून कोणीतरी म्हणालं, "नणंद हाय. मंग मनंलच."

आणि सभा हसली. माझं सगळं ट्रिप्सिनोजन त्या एका हसण्यात वाहून गेलं. मला तेव्हा जे समजलं ते मी कधीच वर्गात शिकवलं नव्हतं. खरेपणा सिद्ध करायला बाहेरचा माणूस लागतो, आणि बाहेरच्या माणसाला माहिती नसते. माहिती असलेला प्रत्येक जण घरचाच निघतो.

तेव्हा वहिनी उठली. एक हात पोटावर, एक हात शेजारणीच्या खांद्यावर.

"बाई, तुमी बसा," ती मला म्हणाली. मग बायांकडे वळली. माईक तिने घेतला नाही, तिला लागतही नाही.

"तुमाले वाटते मी पेली. बरं. समजा पेली. मंग काय झालं पाह्यलं का? नळ्या लावून पडून होती मी. पान्याचा थेंब देत नोहते. धनी काचेतून पाहे, जसं मढं पाहते. आता सांगा. माह्या घरी कोनी पेत नाई. धनी पेत नाई, सासरा पेत नोहता. अन् तरी थ्या वळनावरच्या दुकानानं माह्यासारखीले पाजली, असंच मनता नं तुमी? मंग तुमच्या घरी तं रोज येऊन राह्यली. तुमच्या सुनायचं काय होईल? पोरीयचं काय होईल? सांगा, दुकान ठेवाचं का बंद कराचं?"

सरपंचपतींनी माईक हातातल्या हातात फिरवला. शेवटी ती म्हातारीच म्हणाली, "बंदच करा लागंन, बापा."

मी बैलांच्या चित्राशेजारी उभी होते. कागदाची गुंडाळी करायला घेतली तर ती होईना.

घरी येताना मी फणफणत होते. "वहिनी, हे तुम्ही काय केलं? सगळ्यांसमोर कबूल केलंत."

"मी कोठी कबूल केलं? मी मनलं, समजा पेली."

"त्या 'समजा' घरी जाताना रस्त्यात टाकून देतील. उद्या गावात एवढंच राहील की तुम्हीच सांगितलं."

"थे तं आधीपासूनच धरून बसल्या होत्या, बाई. मी सांगून सोडनार होत्या का? पडून होतं गावात, मी फक्त कामाले लावलं."

"पण ते खोटं आहे!"

"हो. खोटंच हाय." ती थांबली, दम घेतला. "तुमी काऊन एवढ्या चिडून राह्यल्या? नाव माहं गेलं."

तिचं नाव गेलं, तिने ते खुशीने दिलं, मग माझ्या अंगाची आग का व्हावी? कदाचित म्हणून की तिला ते द्यायला लागू नये एवढीच माझी मागणी होती. मला माझ्या वहिनीच्या नावाच्या बदल्यात दुकान बंद व्हायला नको होतं. दुकान पोरींच्या रस्त्यात आहे एवढ्यावर ते बंद व्हायला हवं होतं. ते कारण पुरेसं होतं. पुरेसं कारण पुरत नाही आणि खोटं कारण पुरतं, अशा गावात जन्मलेय मी, आणि गावाला नाव ठेवण्याचा हक्क मी सोडणार नाही.

मंडई झाली. मतदानाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात रांग लागली ती हटेना. म्हाताऱ्या बायांना सुनांनी हाताला धरून आणलं, काही सुनांना सासवांनी धरून आणलं. मोजणी झाली आणि बाटली आडवी पडली. संध्याकाळी साहेब लोकांनी सांगितलं, दुकान बंद. काही दिवसांनी वळणावरच्या शटरला कुलूप लागलं, आणि हायस्कूलच्या पोरी गावाच्या थांब्यावर उतरायला लागल्या. पहिल्या दिवशी त्या उतरल्या आणि सवयीने पाळीकडे वळल्या. वहिनीने अंगणातून हाक मारली, "अवं, इकडून या! तुमचाच रस्ता हाय!"

हे मी मान्य करते. ते बघून मला बरं वाटलं.

मग सत्कार झाला. फलकावर सरपंचपतींचा फोटो माणसापेक्षा मोठा होता. सरपंचांचा त्याखालोखाल. कोपऱ्यात, शिक्क्याएवढा, वहिनीचा, आणि त्याखाली लिहिलेलं: व्यसनावर मात करणाऱ्या आमच्या वहिनी. मी सरपंचपतींना गाठलं.

"हे काढा. ती कधीच प्यायली नाही."

"मॅडम," ते अत्यंत प्रेमाने म्हणाले, "यातून समाजाला प्रेरणा मिळते. न पिणारीची प्रेरणा कोण घेईल?"

मला त्यांना काहीतरी असं म्हणायचं होतं जे त्यांनी आयुष्यभर विसरू नये. तोवर माईक सुरू झाला. भाषणात वहिनी "काळोखातून प्रकाशाकडे" आली. वहिनीने शाल घेतली, नारळ घेतला, आणि खाली येऊन भावाला नारळ देत म्हणाली, "चांगला भरलेला हाय. चटनी होईल." आजही गावात एखादी बाई मला थांबवून सांगते, "तुमच्या वयनीनं सोडली, मोठी गोष्ट केली वं." मी दरवेळी सांगते की तिने सोडली नाही कारण तिने धरलीच नव्हती. त्या समजूतदारपणे मान हलवतात. आता नणंद एवढंही म्हणणार नाही का?

धान कापून झालं, तसं आम्ही वहिनीला ऑपरेशनसाठी गोंदियाला आणलं. दुसरा दवाखाना, दुसरे डॉक्टर. भूल देणारा डॉक्टर आधी भेटायला आला, वयस्क, थकलेला. त्याने विचारपूस केली. साखर, रक्तदाब, पूर्वीची ऑपरेशनं. भूल द्यायची म्हणजे त्याला सगळं विचारायलाच हवं. तरी तो शब्द कधी येतो याची वाट बघत मी खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते.

"माँजी, दारू पीती हो कभी?"

मी तोंड उघडलं. वहिनी माझ्या आधी बोलली.

"गाव में पीती हूँ, साहेब. इधर नई."

डॉक्टरचं पेन थांबलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मग परत तिच्याकडे. ती पोट धरून हसत होती, दुखत असूनही.

"मजाक केली, साहेब. कबी नई पी. एक बूंद बी नई."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे क्षणभर बघितलं. "ठीक है, माँजी," तो म्हणाला, लिहिलं, आणि पुढचा प्रश्न विचारला.

बस्स, एवढंच. श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ. पहिल्या डॉक्टरलाही तेवढाच लागला असता.